ग्लुकोजमधला कार्बन जातो कुठे?

ज्वारीच्या भाकरीचा घास पोटात गेला की त्यातल्या पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ग्लुकोजपासून शरीराला ऊर्जा मिळते. एवढे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ग्लुकोजच्या रेणूतल्या सहा कार्बन अणूंचे पुढे काय होते? काही उच्छ्वासातून बाहेर पडतात, काही यकृतात साठून राहतात, तर काही चरबीत किंवा कोलेस्टेरॉलमध्ये जाऊन बसतात. यातला कोणता अणू कोणत्या वाटेने गेला, हे ओळखणे मात्र अवघड. शरीरात आधीपासून असलेला कार्बन अगदी तसाच असतो. एकसारख्या गणवेशातल्या हजारो मुलांमधून एकाचा माग काढायचा, तर त्याच्या अंगावर काहीतरी खूण हवी. शास्त्रज्ञांना ती खूण किरणोत्साराने मिळवून दिली.

वीस मिनिटांची शर्यत

सुरुवातीला हाताशी होता कार्बन-११. त्याचे अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटांचे, म्हणजे दर वीस मिनिटांनी त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो. सगळा प्रयोग घाईने काही तासांतच उरकावा लागे. तरीही हार्वर्डच्या संशोधकांनी १९४१ मध्ये त्याच्या आधारे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. त्यांनी उंदरांना कार्बन-११ची खूण असलेले बायकार्बोनेट टोचले आणि ती खूण यकृतातल्या ग्लायकोजेनमध्ये, म्हणजे साठवणीच्या साखरेत, सापडली. कार्बन डायऑक्साइड हा प्राण्यांसाठी निव्वळ टाकाऊ वायू आहे, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

दरम्यान २७ फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेतील बर्कले येथे मार्टिन केमेन आणि सॅम्युएल रुबेन यांना कार्बन-१४ सापडला होता. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे, त्यामुळे प्रयोगाला हवा तेवढा वेळ घेता येऊ लागला. रासायनिक गुणधर्मांत तो साध्या कार्बनसारखाच असल्याने पेशी दोघांना जवळपास सारखेच वागवतात. फरक इतकाच, की त्याच्यातून बाहेर पडणारे क्षीण बीटा किरण यंत्राला मोजता येतात.

क्रमांकाला महत्त्व

या पद्धतीतली खरी मेख आहे खूण कोणत्या अणूवर करायची यात. ग्लुकोजमधल्या कार्बन अणूंना एक ते सहा क्रमांक दिलेले आहेत. पेशीत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात आणि त्यापासून तीन-तीन कार्बनचे पायरुव्हेट बनते. पायरुव्हेट पुढे जळू लागते तेव्हा मूळचे तिसरा आणि चौथा हे कार्बन सर्वांत आधी कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. उरलेले क्रेब्ज चक्रात शिरतात, पण त्या चक्राच्या पहिल्या फेरीत त्यांच्यातला एकही बाहेर पडत नाही. त्यासाठी पुढच्या फेऱ्या व्हाव्या लागतात.

ग्लुकोजला आणखी एक वाट आहे. ती पेन्टोज मार्ग म्हणून ओळखली जाते. तिथे सुरुवातीलाच पहिला कार्बन छाटला जातो. म्हणून संशोधक पेशींच्या एका नमुन्याला पहिल्या कार्बनवर खूण असलेले ग्लुकोज देतात, तर दुसऱ्याला सहाव्या कार्बनवर खूण असलेले. दोन्हींतून बाहेर पडलेला किरणोत्सारी वायू सारखाच भरला, तर पेशी नेहमीच्या वाटेने चालली आहे. पहिल्या कार्बनचा वायू जास्त भरला, तर पेन्टोज मार्गही चालू आहे असे समजते.

हा मार्ग रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तांबड्या रक्तपेशींचे घातक ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारी रसद याच वाटेने येते. या मार्गातले पहिले विकर म्हणजे जी-सिक्स-पीडी. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असते. १९५६ मध्ये ही कमतरता ओळखली गेली, ती हिवतापावरच्या प्रायमाक्विन या औषधाने काही रुग्णांच्या रक्तपेशी का फुटतात याचा शोध घेताना. अशा रुग्णाला ते औषध घेतल्यावर कावीळ होऊ शकते, लघवी गडद रंगाची होऊ शकते. त्यामुळे प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडीची तपासणी महत्त्वाची ठरते.

खूण फसवूही शकते

खूण सापडली म्हणजे सगळे सिद्ध झाले असे मात्र नाही. चरबीतल्या सामान्य मेदाम्लांवर खूण केली, तर ती काही वेळाने रक्तातल्या ग्लुकोजमध्येही दिसते. मग या मेदाम्लांपासून साखर बनते का? निव्वळ हिशेब मांडला तर नाही. क्रेब्ज चक्रात त्यांचे दोन कार्बन शिरतात, तेव्हा दुसरे दोन बाहेर पडतात. अणूंची अदलाबदल होते, पण शिल्लक वाढत नाही. एखाद्या खात्यात शंभराची खुणेची नोट भरावी आणि लगेच दुसरी शंभराची नोट काढावी, तसाच हा व्यवहार.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

कर्करोगाच्या रुग्णांना परिचित असलेला पेट स्कॅन याच कल्पनेवर उभा आहे. त्यात ग्लुकोजसारखा दिसणारा एफडीजी हा पदार्थ शिरेतून देतात. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पण तो पुढे जळत नाही आणि आतच अडकून पडतो. त्याच्यावरच्या फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे, त्यामुळे किरणोत्सार लवकर ओसरतो. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाले.

या तपासणीआधी काही तास उपाशी राहायला सांगतात, तेही याच कारणाने. रक्तात साखर जास्त असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते. इन्शुलिन वाढलेले असेल तर एफडीजी स्नायूंत ओढला जातो आणि चित्र धूसर होते. म्हणून मधुमेह असल्यास आणि त्यावर औषधे चालू असल्यास ते आधीच सांगणे आवश्यक.

अहवालात ‘चमकणारी गाठ’ दिसली की घरातल्यांच्या छातीत धस्स होते. परंतु स्कॅनला दिसते ती फक्त ग्लुकोजची ओढ. कर्करोगाच्या अनेक गाठी ग्लुकोज भराभर ओढतात हे खरे, पण क्षयाच्या गाठी आणि संसर्गाने सुजलेले भागही चमकतात. त्यामुळे शंका असेल तिथे गाठीचा तुकडा तपासूनच निदान पक्के करतात. अणू कुठे पोहोचला हे खूण सांगते. तो तिथे का पोहोचला, हे मात्र डॉक्टरांनाच शोधावे लागते.