अकरावीचा अर्ज मुलाचा, पसंती कोणाची?

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागांत खेड्यापाड्यांतून आलेल्या कुटुंबांची वर्दळ सुरू होते. वडिलांच्या हाती गुणपत्रिकेची झेरॉक्स, आईच्या हाती पिशवी आणि दोघांच्या मागे दोन पावले अंतर ठेवून चालणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. क्लासचे शुल्क विचारले जाते, वसतिगृहातील कॉट पाहिली जाते, मेसचा डबा किती वाजता येतो याचीही चौकशी होते. तुला काय शिकायचे आहे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. घरात तो केव्हाच निकाली निघालेला असतो.

किशोरवयीन मुलांच्या प्रश्नांवर मोठी माणसे बोलू लागली की मोबाइल, व्यसन, संगत हे विषय निघतात. हे प्रश्न खरेच आहेत. परंतु या दोन शहरांत शिकणाऱ्या मुलांना बोलते केले तर त्यांच्या यादीत पहिली तक्रार वेगळीच असते: आमच्याविषयी ठरते, आमच्याशी बोलून ठरत नाही.

पालकांना दोष देणे सोपे आहे. पण ते डॉक्टरकीच्या एवढे मागे का लागले, हे समजून घेतले पाहिजे. कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा आणि मोठ्या उद्योगांची वानवा असलेल्या या भागात पांढरा कोट ही शेतातून बाहेर पडण्याची सर्वांत खात्रीची वाट मानली गेली. ती वाट आपल्या मुलांनाही चालता येते, हा विश्वास लातूर पॅटर्नने दिला. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्याशी या पद्धतीचे नाव जोडले जाते. त्यात गुपित असे काही नव्हते. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, उजळणी घ्यायची, सराव परीक्षा घ्यायची, चूक मुलाला दाखवायची आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. दयानंद महाविद्यालयासह इतर संस्थांनीही हा कित्ता गिरवला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशाला अभिमानाची एक जागा मिळाली.

पुढे परीक्षाच बदलली. गुणवत्ता यादी बंद झाली, सीईटी आली आणि २०१७पासून राज्याच्या कोट्यातील वैद्यकीय जागाही नीटच्या गुणांवर भरू लागल्या. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला वजा एक. बोर्डाच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला शून्य मिळत असे. येथे शून्याच्याही खाली जाता येते. अभ्यासाचा केंद्रबिंदू महाविद्यालयाच्या वर्गातून खासगी क्लासकडे सरकला. महाविद्यालयात नाव, क्लासमध्ये मुक्काम, या ‘टायअप’ची सवय सर्वांनाच झाली. त्यातच राज्यातील वैद्यकीय जागांसाठी ७०:३०चे प्रादेशिक सूत्र होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, त्यामुळे जागाही कमी, ही विद्यार्थ्यांची आणि पालकांची जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२०मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द झाल्याचे जाहीर केले. देशमुख स्वतः लातूरचे. अन्याय दूर झाला, तशी आशाही वाढली, आणि आशेबरोबर रांगही वाढली.

या रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे म्हणणे काय? कष्टाला त्यांची ना नसते. कष्ट त्यांनी घरी पाहिलेले असतात. त्यांचा आक्षेप असतो तो चाचणीच्या गुणांवरून तुकड्या पाडण्याला. पहिल्या तुकडीला नावाजलेले शिक्षक आणि शेवटच्या तुकडीला उरलेले, ही वाटणी मुलांना फार लवकर कळते. भिंतीवर लागणारी गुणांची यादी त्यांना खुपते. रविवार चाचणीत जातो, हे सलते. बारावीनंतर आणखी एक वर्ष देणाऱ्याला ‘रिपीटर’ म्हणतात. तो शब्द मुलांच्या तोंडी जितक्या सहज येतो, तितका मनाला सहज नसतो. आणि घरून फोन आला की पहिला प्रश्न जेवलास का हा नसून टेस्टमध्ये किती पडले हा असतो, हे तर बहुतेकांचे म्हणणे.

हे लाडावलेल्या मुलांचे रडगाणे नव्हे. मुलांचे हेच आक्षेप आता सरकारी आणि न्यायालयीन भाषेत लिहिले गेले आहेत. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची वा रँकची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुटी द्यावी आणि त्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. सूचना चांगल्या आहेत. पण त्या सूचनाच आहेत. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये अधिक ठाम भूमिका घेतली. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी, त्यात कोचिंग केंद्रे आणि वसतिगृहेही आली, बंधनकारक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळावे. मदत क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणे लावावेत. त्यांपैकी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालतो. वसतिगृहात कॉट पाहायला जाणाऱ्या पालकांनी पंख्याबरोबर हा क्रमांक भिंतीवर आहे का, तेही पाहायला हरकत नाही.

व्यवस्थेवरचा मुलांचा विश्वास डळमळला, याचीही नोंद घ्यावी लागेल. जून २०२४मध्ये नीटच्या कथित गैरव्यवहारात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात दोन शिक्षकांची चौकशी केली, गुन्हा दाखल झाला आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. फेरपरीक्षेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली. ज्या मुलाने दोन वर्षे रविवार पाहिला नाही, त्याला या बातम्या कशा वाटल्या असतील?

मुलींची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तिच्यावर फारसे बोलले जात नाही. खेड्यातील मुलीसाठी लातूर किंवा नांदेडचे वसतिगृह हे ओझे असते, तशीच सुटकाही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. अशा मुलखात शिक्षण चालू आहे तोवर स्थळ थांबते. मुलाला नीट पुन्हा देता येते. मुलीच्या दुसऱ्या प्रयत्नाला घर तयार होईलच असे नाही. त्यामुळे तिच्या चाचणीतल्या प्रत्येक गुणावर लग्नाची तारीख टांगलेली असते. तिला डॉक्टर व्हायचे आहे की केवळ शिकत राहायचे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर होय असेल तर परिचर्या, फार्मसी, कृषी, शिक्षणशास्त्र असे कितीतरी मार्ग आहेत. परंतु घराने डॉक्टरकीसाठीच मुदत दिलेली असेल तर ते मार्ग उघडतच नाहीत.

बालविवाहाच्या बाबतीत कायदा निदान स्पष्ट आहे. २००६चा बालविवाह प्रतिबंध कायदा १ नोव्हेंबर २००७पासून लागू झाला. गावात प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकण्यात आली. १०९८ या क्रमांकावर मुलगी स्वतः तक्रार करू शकते, तिची मैत्रीणही करू शकते. न्यायालय लग्नाला आधीच मनाई करू शकते. झालेले लग्न रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो.

शाखा निवडण्याच्या बाबतीत असा कायदा नाही. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत निर्णय पालकांचा. तरीही मुलाचे मत ही कायद्याला अनोळखी गोष्ट नाही. भारताने डिसेंबर १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचे आहे. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यातही समजत्या मुलाची पसंती न्यायाधीशाला विचारात घेता येईल, अशी तरतूद आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क तत्त्व म्हणून मान्य केला. म्हणजे आईवडील कोर्टात भांडत असतील तर न्यायाधीश मुलाला विचारू शकतो. ते सुखाने एका छपराखाली राहत असतील तर मात्र त्याला विचारायला कोणी नाही.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने भरला जातो आणि त्यात दहा महाविद्यालयांचे पसंतिक्रम देता येतात. शाखा त्यात स्वतःच नोंदवायची असते. खेड्यातील बहुतेक मुले हा अर्ज शाळेत किंवा नेट कॅफेत भरतात. ओटीपी येतो तो वडिलांच्या मोबाइलवर. वडील शेतात किंवा कामावर असतील तर कॅफेवाला त्यांना फोन करून विचारतो, सायन्सच टाकायचे ना? विद्यार्थी बाजूच्याच खुर्चीवर बसलेला असतो.