ताट बदलले, त्याचा हिशेब

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एंगेलचा नियम शिकवावा लागतो. कुटुंबाचे उत्पन्न वाढत जाते तसतसा त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो, असे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले. नियम सोपा आहे आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठही करतात. घाटंजीच्या आमच्या वर्गात तो शिकविताना प्रस्तुत लेखकाने या वर्षी प्रत्येकाला आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते एका कागदावर, नाव न घालता, लिहावयास सांगितले. हेतू खर्चाचा अंदाज घेण्याचा होता. हाती आले ते निराळेच.

बहुतेक कागदांवर सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी बसस्थानकावर घेतलेले पाच रुपयांचे तळलेले पुडके, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री भात, पातळ वरण, क्वचित पोळी व बटाट्याची भाजी, एवढेच होते. हिरवी पालेभाजी थोड्यांच्या नशिबी होती, ताक त्याहून थोड्यांच्या. ज्वारीची भाकर ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा आहेत अशांच्याच कागदांवर दिसली. वास्तविक ही मुले शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. काही कोलामपोडांवरून येणारी. तास संपल्यावर एका मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, साडेसहाची बस असते. त्या वेळी आई पाणी भरायला गेलेली असते." बारानंतरच्या तासाला वर्ग पेंगतो, लहानशा प्रश्नावर मुले चिडतात किंवा गप्प होतात, याचा दोष आम्ही शिक्षक आजवर मोबाईलला देत आलो. त्या दोषातला काही भाग ताटाकडे वळवावयास हवा, असे वाटू लागले.

यवतमाळ जिल्ह्यात ज्वारी मागे कशी पडली, हा इतिहास एका दिवसाचा नाही. संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ मध्ये आले. उत्पन्न वाढले, परंतु धांडे आखूड झाले, कडबा कमी निघू लागला आणि लवकर निसवणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडू लागला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात या धान्याची आठवण उपासमारीशी जोडली गेली. भाकर हे गरिबीचे आणि पोळी हे बरकतीचे लक्षण, हा समज तोपर्यंत पक्का झालाच होता. पुढे सोयाबीन आले आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. दोन्ही पिके रोख पैशाची. राहिलेल्या ज्वारीवर रानडुकरे, रोही आणि पाखरे तुटून पडू लागली, कारण शिवारात एकट्यादुकट्यानेच ज्वारी पेरली तर सगळ्या गावाची पाखरे त्याच्याच वावरात उतरतात. शेवटी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. कायद्यात नावे तीन प्रकारच्या धान्यांची असली, तरी आमच्या भागात पिशवीत बहुतेक महिने दोनच पडतात. ज्याची किंमत शून्य आहे अशा मालाशी कोणत्याही धान्याने स्पर्धा कशी करावी? मोफत धान्याने अनेक घरांतील उपासमार टळली, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच धान्याने ताटातील निवड ठरविली, हेही तितकेच खरे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. अलीकडे, विशेषतः २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाल्यापासून, ज्वारीचे गुणगान करण्याची लाट आली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते पाहिले, तर शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह आढळते. सडलेल्या तांदळात प्रथिने आठ ग्रॅम, तंतू तीन ग्रॅमहून कमी आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी. परंतु न चाळलेल्या गव्हाच्या बाबतीत आकडे जवळजवळ ज्वारीइतकेच आहेत. तेव्हा सगळा दोष गव्हाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

शिवाय ज्वारीचाही एक काळा इतिहास आहे, आणि तो आपल्या अगदी शेजारचा आहे. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणात साठच्या दशकात शेतमजुरांमध्ये पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, आणि त्याबरोबर झोप उडणे, चिडचिड, खोल उदासी. उपचार न झाल्यास बुद्धिभ्रम. जगात इतरत्र हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जात होता आणि तो आहारातील उणिवेमुळे होतो हे अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी पूर्वीच दाखविले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र रुग्ण भेटले ते ज्वारीवर जगणारे. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाचे गणित बिघडते, असा सिद्धांत त्यांनी १९६० मध्ये मांडला. त्यावर पुढे वाद झाले. निर्विवाद राहिले ते असे, की ज्यांच्या पानात ज्वारीखेरीज फारसे काहीच नव्हते त्यांना हा रोग गाठत असे, आणि नायसिन दिल्यावर त्यांची त्वचाच नव्हे, मनही सुधारत असे. आहारात विविधता आली तसा तो विरळ होत गेला. मनाची अवस्था ही केवळ स्वभावाची किंवा नशिबाची बाब नसून जेवणाशी तिचा धागा आहे, याचा यापेक्षा जवळचा पुरावा आपणास शोधावा लागणार नाही.

मग आमच्याकडे ज्वारी खाऊनही मागची पिढी तुलनेने धडधाकट होती, असे जुनी माणसे सांगतात, त्याचे काय? त्यात स्मरणरंजनाचा अंश असणारच. त्या पिढीतील जे अल्पायुषी ठरले ते सांगावयास उरलेले नाहीत. तरीही पिकांची मांडणी पाहिली तर काही उलगडा होतो. ज्वारीच्या पाटात तूर असे, मूग-उडीद असे, बांधावर अंबाडी आणि जवस असे. कडब्यावर ढोरे जगत आणि ढोरांमुळे घरात ताक राही. म्हणजे ज्वारीबरोबर वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ताक ही सगळी मंडळी ताटात येत होती. ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला, कडबा गेला तेव्हा ढोरे कमी झाली, आणि आज घाटंजीसारख्या गावात दूध पिशवीतून येते, तेही बहुधा चहापुरते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. तो दाणा आमच्या शेतातून थेट कारखान्यात जातो, घरी परत येते ते तेल. प्रथिनांच्या शिवारात राहणारी मुले दुपारी पेंगतात, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाने कोणत्या प्रकरणात शिकवावे?

परिणाम हळू होतात, म्हणून ते लक्षात येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. रक्तक्षयाची पहिली खूण थकवा ही असते आणि आपल्या समाजात थकलेल्या मुलीला 'आळशी' किंवा 'तुसडी' म्हणण्याची प्रथा आहे.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ आला. मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा. दिवसाचे सहा गोड चहा आणि त्याबरोबरची बिस्किटे बंद केली; सकाळी भाकर व पालेभाजी, दुपारी डाळ व ताक असा क्रम ठेवला. पहिले तीन आठवडे अत्यंत वाईट गेले. डोके दुखे, वर्गात आवाज चढे, आणि हे सगळे सोडून द्यावे असे रोज वाटे. दोन महिन्यांनी पोटाची तक्रार थांबली. स्वभावातला फरक मात्र मला कळलाच नाही. सहाव्या महिन्यात पत्नी म्हणाली, "अलीकडे तुम्ही चार वाजता कोणावर खेकसत नाही." वर्षअखेर आकडा ५.८ झाला. त्याच वर्षी मी सकाळी फिरावयासही जाऊ लागलो होतो, तेव्हा श्रेय भाकरीला किती आणि वाघाडीच्या काठावरील हवेला किती, हे सांगता येत नाही.

असे श्रेय वेगळे काढण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नैराश्याचे ६७ रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांना बारा आठवडे डाळी, भाज्या, अखंड धान्ये, मासे यांचा आहार शिकविला. उरलेल्यांना तेवढाच वेळ केवळ सोबत दिली. पहिल्या गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातील आठ टक्के. प्रयोग लहान आहे आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, ही त्याची मर्यादा. आमच्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते. त्या दुःखाला आहाराचे कारण चिकटविणे हा क्रूरपणा ठरेल. कर्ज, पाऊस आणि कापसाचा भाव यांचे उत्तर पालेभाजीत नाही. पण ज्या घरावर हे ओझे आहे, त्या घरातील माणसे ते अर्धपोषित शरीराने पेलत आहेत, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

'घरी भाकर करा' असा उपदेश करणाऱ्यांनी एक खर्च हिशेबात धरलेला नसतो. पोळ्या सकाळी करून ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत चालतात. भाकर जागेवर थापावी लागते, गरम खावी लागते, आणि ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले तर कडू होते. हा सगळा वेळ बाईचा. निंदणाला किंवा कापूस वेचावयास जाणाऱ्या बाईच्या त्या वेळेला आता बाजारभाव आहे आणि तो भाकरीने भरून येत नाही. शासनाच्या थाळीतही हाच प्रवास दिसतो: १९९५ च्या योजनेत एक रुपयात झुणका-भाकर होती, २०२० च्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या आणि भात आला. शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंत आहे. त्यानंतर ज्या वयात मुलींना लोहाची गरज सर्वाधिक, त्याच वयात त्या साडेसहाच्या बसला रिकाम्या पोटी उभ्या असतात. सुगीनंतरचे तीन-चार महिने जरी हमीभावाने खरेदी केलेली स्थानिक ज्वारी आणि तूरडाळ शिधापत्रिकेवर दिली, आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत सकाळच्या एका जेवणाची सोय केली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अन्नसुरक्षेच्या कायद्यात भरड धान्य आहेच. डाळीसाठी अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी लागेल.

तोवर आमच्याकडे एक लहानशी गोष्ट घडली आहे. बचत गटातील दोन बायका दिवाळीनंतर महाविद्यालयाच्या फाटकाजवळ साडेदहा वाजता चूल मांडतात: एक भाकर, झुणका, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, वीस रुपये. पहिल्या आठवड्यात मुलांना भाकर हातात घेऊन उभे राहण्याची लाज वाटत होती, म्हणून त्या बायकांनी कागदात गुंडाळून द्यावयास सुरुवात केली. साडेसहाच्या बसची ती मुलगी दोन दिवसांआड येते; रोज का नाही, असे विचारले तर वीस रुपयांचे उत्तर मिळते. परवा त्या बायकांनी दहा रुपयांत अर्धी भाकर देता येईल का, याचा हिशेब माझ्याकडून करून घेतला. सरपण धरले तर तो अजून जुळत नाही.