चिकाचा पहिला हक्क

जन्मापासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या वासरांना, रेडकांना आणि करडांना होणारा फुफ्फुसदाह, म्हणजेच न्यूमोनिया, हा सामान्यतः गारठा, ओलावा किंवा कोंदट गोठा यांचा परिणाम मानला जातो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र एकाच गोठ्यात, एकाच रात्रीच्या थंडीत बांधलेल्या वासरांपैकी काहीच का आजारी पडतात आणि बाकीची का तगतात, याचा शोध घेऊ लागले की तो बहुधा गाभण गाईच्या गव्हाणीपर्यंत आणि वासराच्या आयुष्यातील पहिल्या काही तासांपर्यंत मागे जातो.

गाई-म्हशींच्या नाकात आणि घशात पाश्चुरेला मल्टोसिडा, मॅनहायमिया हिमोलिटिका यांसारखे जिवाणू निरोगी अवस्थेतही वस्तीला असतात. पाश्चुरेलाच्याच एका विशिष्ट प्रकारामुळे होणारा आणि पावसाळ्यापूर्वी लस टोचून टाळला जाणारा घटसर्प हा रोग यापेक्षा वेगळा आहे, हे येथे लक्षात ठेवावे. घशातील या जिवाणूंना खाली फुफ्फुसात उतरू न देण्याचे काम प्रामुख्याने तीन गोष्टी करतात: श्वासनलिकेच्या अस्तरावरील लवीसारखी सूक्ष्म रोमके, जी चिकट स्रावात अडकलेली धूळ व जंतू सतत वरच्या दिशेने ढकलत असतात, फुफ्फुसातील वायुकोशांत वावरणाऱ्या आणि जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी, आणि रक्तातून अस्तरावर झिरपणारी प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूला ओळखून त्याला जखडणारी प्रथिने. एखाद्या विषाणूने या अस्तराला इजा केली, किंवा उपासमार व थंडी यांमुळे भक्षक पेशी मंदावल्या, की घशातील पाहुणे फुफ्फुसात शिरतात. गोवंशाची फुफ्फुसे शरीराच्या मानाने लहान असल्यामुळे त्यांचा थोडा भाग निकामी झाला तरी वासराला धाप लागते.

मानवी अर्भकाला आईची प्रतिपिंडे जन्मापूर्वीच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या वारेची रचना मात्र अशी आहे की आईचे व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर राहतात आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू ते थर ओलांडू शकत नाहीत. परिणामी वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. ती सर्व त्याला व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, मिळवावी लागतात. मातेच्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळते हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांचे दोन गट करून एका गटाला चीक पाजला व दुसऱ्याला तो दिला नाही. चीक न मिळालेल्यांपैकी बहुसंख्य वासरे दगावली आणि चीक प्यायलेली जगली. गोठ्यातील अनुभवाला या प्रयोगाने विज्ञानाचा भक्कम आधार दिला.

चिकाचे महत्त्व सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याला वेळेचे बंधन किती कडक आहे हे फारसे ठाऊक नसते. नवजात वासराच्या आतड्यातील पेशी प्रतिपिंडांचे मोठे रेणू न पचवता अखंडच आत घेतात व रक्तात सोडतात. ही क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक शक्यतो दोन तासांच्या आत आणि दुसरा आठ ते बारा तासांच्या आत पोटात जाणे आवश्यक असते. वार पडल्याशिवाय चीक काढू नये, ही अनेक गावांत पाळली जाणारी समजूत या दृष्टीने अत्यंत घातक आहे, कारण वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात आणि तेवढ्यात वासराच्या आतड्याचे दार अर्धे मिटलेले असते. उलट वासराने सड ओढल्याने गाईच्या शरीरात जे संप्रेरक स्रवते, ते पान्हा सोडण्याबरोबरच गर्भाशय आकुंचित करून वार पडण्यासही मदत करते.

प्रमाणाचा साधा हिशेब वजनाच्या दहाव्या हिश्शाचा आहे. ४० किलोच्या संकरित वासराला पहिल्या काही तासांत चार लिटर, तर देवणी किंवा खिलार गाईच्या २० ते २५ किलोच्या वासराला दोन ते अडीच लिटर चीक लागतो. चांगल्या चिकात लिटरमागे किमान ५० ग्रॅम प्रतिपिंडे असतात, म्हणजे चार लिटरांतून २०० ग्रॅम मिळतात. चीक निम्म्या ताकदीचा निघाला तर तेवढ्याच संरक्षणासाठी आठ लिटर पाजावे लागतील आणि तेवढे नवजात वासराच्या पोटात मावणारच नाही. ही ताकद मोजण्यासाठी द्राक्षाची गोडी पाहण्याचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. नाशिक परिसरातील अनेक बागायतदारांच्या घरी तो असतोच. काचेवर गाईच्या चिकाचा थेंब ठेवला आणि ब्रिक्सचे माप २२ किंवा अधिक आले, तर चीक चांगला समजावा.

महाराष्ट्रात या विषयाला स्वयंपाकघराचीही एक बाजू आहे. विरजण न लावता केवळ वाफेवर खरवस घट्ट बसतो, याचे मुख्य कारण चिकातील प्रथिनांचे विपुल प्रमाण होय, आणि त्या प्रथिनांचा मोठा हिस्सा प्रतिपिंडांचाच असतो. ज्या पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घातल्याशिवाय खरवस मऊ होत नाही, तोच वासराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. दुसऱ्या धारेपासून प्रतिपिंडांचे प्रमाण झपाट्याने उतरते, शिवाय वाफेवर गोठलेल्या प्रतिपिंडांचा खाणाऱ्याला संरक्षण म्हणून काही उपयोग नसतो. त्यामुळे वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या किंवा दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस करण्यात कोणाचेच नुकसान नाही. शेजारी वाटायचा पहिला गडवा आधी वासरासमोर जावा, एवढीच अपेक्षा आहे.

चीक तयार होण्याची प्रक्रिया विण्यापूर्वी काही आठवडे सुरू होते आणि त्या काळात गाय आपल्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठवत असते. म्हणून विण्याआधी सुमारे ६० दिवस गाय आटवणे, या दोन महिन्यांत तिला पेंडीसह जादा खुराक, हिरवा चारा व खनिज मिश्रण देणे, आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसीकरण करून घेणे, ही सर्व वासराच्या फुफ्फुसांचीच तरतूद ठरते. दुष्काळी भागात जनावरे महिनोन्‌महिने कडब्यावर राहतात तेव्हा ही तरतूद नेमकी कोठे तुटते, हे अ जीवनसत्त्वाच्या उदाहरणावरून कळते. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन या रंगद्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनते आणि उन्हात वाळलेल्या कडब्यात कॅरोटीन जवळजवळ उरत नाही. हे जीवनसत्त्व गर्भाला वारेतून फारच थोडे मिळते, त्यामुळे वासराचा साठाही चिकावरच अवलंबून असतो. त्याची कमतरता झाली की श्वासनलिकेचे ओलसर, रोमके असलेले अस्तर कोरडे व खवल्यांसारखे होऊ लागते आणि जंतू वर ढकलण्याची यंत्रणाच बंद पडते. जस्त, तांबे, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व यांचे काम भक्षक पेशींशी निगडित आहे: जंतू मारण्यासाठी या पेशी जी दाहक रसायने निर्माण करतात, त्यांपासून स्वतः पेशींचा बचाव हे घटक करतात. तथापि सेलेनियम अधिक झाल्यास विषारी ठरते, त्यामुळे अंदाजाने दिलेल्या औषधापेक्षा मापून दिलेले खनिज मिश्रण केव्हाही बरे.

चीक मिळाल्यानंतरही प्रश्न संपत नाही, कारण प्रतिकार ही ऊर्जा खाणारी क्रिया आहे. नवजात वासराला सुमारे १५ अंशांखालील तापमानात ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागते, आणि हिवाळ्यात राज्याच्या अनेक भागांत रात्रीचे तापमान १० अंशांच्याही खाली जाते. वजनाच्या एक-दशांश दूध पाजण्याची रीत अशा दिवसांत अपुरी पडते. त्यातून ऊब कशीबशी राखली जाते, मात्र वाढीसाठी आणि प्रतिकारासाठी फारसे काही उरत नाही. ताप चढला की गरज आणखी वाढते आणि नेमकी तेव्हाच भूक मंदावते. पाजण्याची पद्धतही महत्त्वाची आहे: वासराची मान वर ओढून नळकांड्याने घाईघाईने दूध ओतले, तर ते श्वासनलिकेत उतरून थेट फुफ्फुसदाह होऊ शकतो.

चिकातून आलेली प्रतिपिंडे दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होतात, तर वासराची स्वतःची प्रतिपिंडे हळूहळू वाढतात. या दोहोंच्या मधला, दुसऱ्या महिन्याच्या आसपासचा काळ सर्वांत नाजूक असतो. दूध तोडण्याची वेळही पुष्कळ ठिकाणी हीच असते. दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी व काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा प्रथिनयुक्त खुराक, समोर ठेवला असेल तर कोटीपोट वेळेवर विकसित होते आणि दूध टप्प्याटप्प्याने कमी करता येते. ते अचानक तोडले, त्याच आठवड्यात जागा बदलली किंवा बाजाराचा प्रवास घडवला, तर घशातील जिवाणूंना हवी असलेली संधी मिळते.

उस्मानाबादी शेळीच्या जुळ्या करडांत जे दुबळे असते ते सडापाशी मागे रेटले जाते, म्हणून त्याला धरून पाजावे लागते. म्हशींच्या गोठ्यातील नर रेडकाला मात्र बरेचदा माणूसच मागे रेटतो. म्हशीने पान्हा सोडावा एवढ्यापुरते त्याला कासेला लावले जाते, आणि धार सुरू झाली की चार घोटांवरच दूर ओढून बांधले जाते. अशा रेडकाच्या छातीत घरघर सुरू होते तेव्हा दोष थंडीला दिला जातो, आणि औषधाच्या सुया ज्या शरीरात टोचल्या जातात त्यात लढायला लागणारे इंधनच नसते.