डांबर, डिझेल आणि पेटकोक: कोकरबद्दलचे गैरसमज

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा एकेरी लेनचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्या थराला 36,634 टन मिश्रण लागलं. त्यात डांबर होतं 2,070 टन, बाकी सगळी खडी आणि चुरी. विक्रमाची चर्चा वऱ्हाडात खूप झाली, पण हे डांबर मुळात असतं काय, याकडे फारसं कुणी वळलं नाही. कच्च्या तेलातून गॅस, पेट्रोल, केरोसीन, डिझेल असं सगळं उकळून वर गेलं, मग निर्वात मनोऱ्यात उरलेलं जड तेलही ओढून घेतलं, की तळाशी जे काळं, घट्ट द्रव्य राहतं, त्यातूनच डांबर होतं. आणि त्याच द्रव्यातून डिझेलही काढता येतं. ते काढणारा विभाग म्हणजे डिलेड कोकर.

महाराष्ट्रातल्या रिफायनऱ्या मुंबईत माहुलला, म्हणजे वऱ्हाडापासून लांब. कोकर असलेली आणि आपल्याला त्यातल्या त्यात जवळची रिफायनरी मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या बीनाची. ती 2011 मध्ये सुरू झाली. तिचं कच्चं तेल गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वाडीनारहून सुमारे 935 किलोमीटरच्या पाइपलाइनने येतं.

कोकर हा कोळसा तयार करण्याचा कारखाना आहे, असं नावावरून वाटतं. खरं तर कोक कुणाला हवा म्हणून कोकर बांधत नाहीत. तळाच्या द्रव्यात कार्बन फार आणि हायड्रोजन कमी असतो. तापवून त्याचे मोठे रेणू तोडले की हायड्रोजन असलेले हलके तुकडे वाफ होऊन निघतात, आणि वाट्याला हायड्रोजन न आलेला कार्बन एकमेकांना चिकटून घट्ट होतो. वाफेतून गॅस, नॅफ्था, डिझेलजोगं तेल आणि आणखी प्रक्रियेसाठी लागणारं जड तेल मिळतं. घट्ट होतो तो पेटकोक. शंभर टन माल आत गेला तर साधारण वीस ते पस्तीस टन कोक पडतो. माल जितका जड, तितका कोक जास्त. बाकीच्या डिझेल-नॅफ्थासाठी मोजावी लागणारी ही किंमत आहे.

दुसरा समज 'डिलेड' या शब्दामुळे होतो. ही प्रक्रिया संथ असते, तेल हळूहळू शिजतं, असं अनेकांना वाटतं. भट्टीच्या नळ्यांत घडतं ते नेमकं उलट. तिथे तेल प्रचंड वेगाने पळवतात, वेग आणखी वाढावा म्हणून सोबत वाफही सोडतात. खवा आटवताना उलथणं थांबलं की कढईच्या तळाला लागतं; तसंच तेल नळीत रेंगाळलं तर कोक नळीतच धरतो आणि भट्टी बंद करून नळ्या साफ कराव्या लागतात. म्हणून 490 ते 505 अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं तेल नळीतून निसटून उंच ड्रममध्ये शिरेपर्यंत कोक धरू द्यायचा नाही. विलंब आहे तो एवढाच, कोक धरण्याचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या व्हाइटिंग रिफायनरीत 1929 मध्ये असा पहिला कोकर उभा राहिला, आणि मूळ युक्ती आजही तीच आहे.

या ड्रममध्ये काही जळत नाही, हेही सांगायला हवं. आत हवाच नसते. जळणं असतं ते भट्टीत, नळ्यांच्या बाहेर. ड्रममध्ये रेणू तुटायला उष्णता खर्च होते, त्यामुळे वरून निघणारी वाफ आत आलेल्या तेलापेक्षा कितीतरी थंड, 440 अंशांच्या आसपास असते. ड्रम जोडीने असतात. एक भरत असतो तेव्हा दुसरा रिकामा होत असतो, आणि दर सोळा ते चोवीस तासांनी अदलाबदल होते. भरलेल्या ड्रममधून आधी वाफ सोडून उरलंसुरलं तेल काढून घेतात, मग पाणी सोडून कोक थंड करतात, पाणी निथळू देतात, वरची आणि खालची झाकणं उघडतात. मग वरून सोडलेल्या लांब दांड्याच्या टोकाशी शेकडो बार दाबाने पाण्याच्या धारा सुटतात. आधी मधोमध भोक पाडायचं, मग कडेकडेने कोक कापत खाली पाडायचा. ड्रमची उंची आठ-दहा मजली इमारतीएवढी असू शकते. चोवीस तास चालणाऱ्या रिफायनरीत इतक्या वेळा उघडझाप होणारं दुसरं मोठं पात्र नाही, आणि धोका सगळा त्या उघडण्यात आहे.

इथेच एक समज जिवावर बेततो: बराच वेळ ठेवलं की ड्रम आपोआप थंड होईल. 25 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात अनाकोर्टिस इथल्या रिफायनरीत सहा कामगार या समजापायी गेले. वादळाने वीज गेली होती आणि एक ड्रम अर्धवट भरलेल्या अवस्थेत अडकला होता. नळ्या तुंबल्याने नेहमीसारखी वाफ आणि पाणी आत जाईना. दीड दिवस वाट पाहून, आता निवला असेल असं धरून ड्रम उघडला गेला. पण कोक उष्णता फार सावकाश सोडतो. बाहेरचं पोलाद थंड लागलं तरी पोटात शेकडो अंशांचं, अर्धवट कोक झालेलं तेल तसंच असू शकतं. ते बाहेर आलं, हवा लागताच पेटलं. मला कोकरबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच वाटते, कारण आपण रिफायनरीची कार्यक्षमता टनांत मोजतो आणि ड्रमखालच्या माणसाचा हिशेब त्यात येत नाही. आता अनेक ठिकाणी खालचं झाकण बोल्ट खोलून काढत नाहीत. सरकता व्हॉल्व्ह लांबून चालवतात. पण थंड करण्याचं पाणी खरंच कोकच्या सगळ्या भागांत पोचलं का, हा प्रश्न व्हॉल्व्ह सोडवत नाही. एखाद्या कोपऱ्यात गरम भाग राहिला तर कापताना वाफ उसळते.

कोकरचं डिझेल म्हणजे हलक्या दर्जाचं, अशी शंका पंपावर ऐकू येते. कोकरमधून निघालेलं तेल तसंच टाकीत भरलं तर शंका रास्त ठरेल: त्यात गंधक असतं, आणि ते टिकत नाही, गाळ धरतं. पण ते थेट पंपावर येतच नाही. उच्च दाबाखाली हायड्रोजन देऊन गंधक काढल्यावरच ते डिझेलमध्ये मिसळतं. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचं बंधन आहे: दहा लाख भागांत गंधक फक्त 10 भाग. गायगावच्या डेपोतून अकोल्यात येणाऱ्या टँकरलाही तेच लागू.

हा आकडा लक्षात ठेवून आता पेटकोककडे पाहू. 2017 मध्ये दिल्ली परिसरात तपासलेल्या पेटकोकच्या नमुन्यांत दहा लाखांत 69,000 ते 74,000 भाग गंधक सापडलं, म्हणजे सात टक्के. डिझेलच्या सात हजार पट. निकल आणि व्हॅनेडियम हे धातूही कोकमध्येच साचतात. तरीही पेटकोक 'स्वच्छ कोळसा' म्हणून खपतो, आणि त्याचं कारण वऱ्हाडातल्या माणसाला चटकन कळेल. पारसच्या वीज केंद्रात जळणाऱ्यासारख्या देशी कोळशात साधारण एक तृतीयांश किंवा जास्त राख असते. तिचे ढीग, तिची धूळ दिसते. पेटकोकमध्ये राख एक टक्क्याहून कमी, आणि उष्णता किलोला आठ हजार किलोकॅलरीच्या घरात, देशी कोळशाच्या जवळपास दुप्पट. ढीग दिसत नाही म्हणून घाण नाही असं वाटतं. पण गंधकाचा वायू डोळ्यांना दिसत नाही; तो छातीत जाऊन बोचतो. आणि तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइडही दगडी कोळशाहून थोडा जास्तच निघतो.

मग पेटकोकवर बंदी आहे ना? सरसकट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात त्याच्या वापरावर बंदी घातली, डिसेंबरमध्ये सिमेंट आणि चुन्याच्या उद्योगांना सूट दिली. ऑगस्ट 2018 मध्ये इंधन म्हणून आयात करायला देशभर मनाई झाली. सिमेंट, चुनाभट्टी, कॅल्शियम कार्बाइड आणि गॅसीकरण हे अपवाद राहिले. ही सूट मेहेरबानीची नाही. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी असते, ती बरंचसं गंधक धरून क्लिंकरमध्ये बांधून टाकते. साध्या बॉयलरमध्ये असं काही धरून ठेवणारं नसतं. चुनखडी मुद्दाम घातलेला बॉयलर किंवा धुरातलं गंधक धुणारी यंत्रणा नसेल, तर ते सगळं धुराड्यातून वर जातं आणि भोवतालच्या वस्तीवर उतरतं. कमी गंधकाचा कोक तर जाळतही नाहीत. तो भाजून ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांसाठी ॲनोड बनवतात.