केशरी कार्डावरचं धान्य

रेशन दुकानातलं काम ठरलेलं असतं. दुकानदार ई-पॉस यंत्रात कार्डाचा बारा आकडी नंबर टाकतो, पडद्यावर कुटुंबातली नावं येतात, कुणीतरी एक जण अंगठा टेकवतो, पावती निघते आणि मग गहू-तांदूळ काट्यावर चढतो. कारखान्यात लोखंडी पत्रे हाताळून बोटांच्या रेषा झिजल्या असतील, तर अंगठा पुसून पुसून टेकवावा लागतो. त्या माणसाचं नाव निदान यादीत तरी असतं. पुण्याजवळ देहूरोडला खोली करून राहायचं आणि चाकण-तळवड्यात ठेक्यावर काम करायचं, अशा ज्यांच्याकडे नुसतं केशरी कार्ड आहे, त्यांचं नाव सवलतीच्या धान्याच्या यादीतच नसल्याने त्यांचा घास यंत्रापर्यंत पोचण्याआधीच अडतो. करोनानंतरच्या उपासमारीचं मूळ गोदामापेक्षा या यादीत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

या यादीत येणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी शहरात वार्षिक ५९ हजारांची उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. नियमाने पाहिलं तर शिफ्ट भरणारा कुठलाही कामगार यात बसत नाही, मग ठेक्यात ब्रेक मिळून काम थांबल्यावर त्याच्या घरात काहीही शिजो. त्यात राज्याला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचीच मर्यादा आहे, तीही २०११ च्या जनगणनेवरून. टाळेबंदीत सरकारनेच ही चौकट सैल केली होती. मे २०२० पासून केशरी कार्डावर माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळाला. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांनाही दोन महिने मोफत धान्य होतं. गरज मान्य झाली होती, सोय मात्र तात्पुरतीच राहिली.

गावाकडच्या कार्डावर इथे धान्य मिळतं ना, असं कुणी म्हणेल. मिळतं, आणि ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही सोय मोलाची आहे, पण ते कार्ड आधी यादीत हवं. उत्पन्नमर्यादा वाढवली तर खात्यापित्या घरांची भर पडेल, ही शंका रास्त आहे. त्यावर आयकर आणि चारचाकीची अट घालता येते. शिवाय माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला पाच-सहा पोळ्यांचं पीठ. तेवढ्यासाठी सुखवस्तू माणूस रांगेत उभा राहील, असं मला वाटत नाही. खरा खर्च डाळ-तेलाचा आहे, आणि तो सरकारने उचलावा. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल याच दुकानांतून वाटलं गेलं. सणाला जमलं ते दरमहा का जमू नये?