हात, अवजार आणि पडद्यावरचा खेळ

खुरप्याने लाकूड फोडू नये आणि कुऱ्हाडीने गवत काढू नये, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. अवजार कामाप्रमाणे घ्यावं, आणि ते हाताला बसेल असं घ्यावं, हे शहाणपण आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पण हेच शहाणपण संगणकावरच्या खेळाला लावायचं म्हटलं, की आपण गोंधळतो. मुलगा खेळात हरला, की आपण म्हणतो, 'तुझा हात जड आहे, तुला जमायचं नाही.' त्याच्या हातात कोणतं अवजार होतं, हे मात्र आपण पाहत नाही. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याच अवजारांविषयी.

अवजारं दोन प्रकारची आहेत. एक म्हणजे कळफलक आणि माउस यांची जोडी. ही तुम्ही शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाहिलेलीच आहे. दुसरं म्हणजे गेमपॅड. दोन्ही हातांच्या तळव्यांत धरायचं हे एक लहानसं यंत्र असतं. त्यावर दोन्ही अंगठ्यांखाली दोन आखूड दांड्या असतात, काही बटणं असतात, आणि पुढच्या काठावर तर्जनीने दाबायचे खटके असतात. कोणतं चांगलं, यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. कुठलं खरं कुठे लागू पडतं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

प्रथम चालण्याची गोष्ट घेऊ. कळफलकावरची कळ ही दिव्याच्या बटणासारखी असते. दिवा लागतो किंवा विझतो, अर्धा दिवा लागत नाही. पुढे जाण्याची कळ दाबली, की खेळातला माणूस पूर्ण वेगाने पुढे निघतो. सोडली, की थांबतो. चार दिशांच्या चार कळा, आणि दोन कळा मिळून तिरप्या चार, अशा एकूण आठच दिशा. गेमपॅडची दांडी मात्र नळाच्या तोटीसारखी आहे. थोडी फिरवली तर धार बारीक, जास्त फिरवली तर मोठी. दांडी जरा कलवली तर खेळातला माणूस पाऊल न वाजवता चालेल, पूर्ण कलवली तर धावेल, आणि जाईल तोही कोणत्याही दिशेला, आठच दिशांना नव्हे. मोटार हाकण्याचा खेळ असेल तर हा फरक लगेच जाणवतो. वळणावर चाक थोडंसंच वळवायचं असतं, वेग थोडासाच कमी करायचा असतं, आणि दिव्याच्या बटणाने 'थोडंसं' कसं करणार? कळफलकावर मुलं कळ टकटक मारून ती कसर भरून काढतात, पण ती शेवटी कसरच. म्हणून मोटारी, विमानं, फुटबॉल, कुस्ती-मुष्टियुद्ध अशा खेळांत गेमपॅड बरं पडतं.

आता नेम धरण्याची गोष्ट. इथे पारडं फिरतं, आणि का फिरतं हे नीट ध्यानात घेण्यासारखं आहे. गुरुजी भिंतीवरच्या नकाशात नागपूर दाखवतात, तेव्हा छडीचं टोक हात नेईल तिथे जातं आणि हात थांबला की थांबतं. माउस हा त्या छडीसारखा आहे. हात जेवढा सरकेल तेवढीच पडद्यावरची नजर सरकते. दांडीचं तसं नाही. दांडी जागा सांगत नाही, ती वेग सांगते. ती उजवीकडे कलवून धरली, की नजर उजवीकडे फिरू लागते आणि दांडी सोडेपर्यंत फिरतच राहते. म्हणजे पुन्हा आपली नळाची तोटी. कळशी काठोकाठ भरायची आहे, तोटी मोठी सोडली तर लवकर भरते पण सांडते, बारीक सोडली तर सांडत नाही पण वेळ लागतो. नेमक्या क्षणी तोटी बंद करणं हेच सारं कौशल्य. दांडीने नेम धरणारा मुलगा दर वेळी असा नळ बंद करत असतो, आणि माउसवाला नुसती छडी टेकवत असतो. शिवाय दांडीचा सारा प्रवास अंगठ्याएवढ्या जागेत, तर माउसला बोटं, मनगट आणि कोपर या तिघांची मदत. मोठी हालचाल कोपराने करावी, बारीक हालचाल बोटांनी करावी, अशी वाटणी तिथे आपोआप होते.

हे नुसतं मुलांचं म्हणणं नाही. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हाताच्या हालचालींचे प्रयोग करून एक नियम मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका त्याच्यापर्यंत पोचायला वेळ जास्त. गोट्या खेळणाऱ्या पोराला हे ठाऊकच असतं. फिट्सने ते गणितात बसवलं. पुढे 1978 साली झीरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचा मजकूर निवडायचा, कधी माउसने, कधी दाबाप्रमाणे वेग देणाऱ्या दांडीने, तर कधी नुसत्या कळांनी. सर्वांत जलद आणि कमीत कमी चुका होणारं साधन ठरलं ते माउस. तेव्हा सैन्य मांडण्याचे खेळ, बुद्धिबळ, नेमबाजी, म्हणजे जिथे जिथे पडद्यावरच्या एका जागेला बोट लावायचं आहे, तिथे तिथे माउस पुढे राहतो, यात नवल नाही.

ही अवजारं आली कशी, तेही थोडक्यात सांगतो. 1962 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. दोन आकाशयानांची लढाई. खेळणारे तो संगणकाच्या अंगावरच्याच खटक्यांनी खेळत, आणि थोड्याच वेळात त्यांची कोपरं भरून येत. तेव्हा त्यांच्यातल्याच अ‍ॅलन कोटॉक आणि रॉबर्ट साँडर्स या दोघांनी खेळण्यासाठी वेगळी पेटी बनवली, तिच्यावर यान वळवण्याचे आणि पुढे ढकलण्याचे खटके बसवले. आजच्या गेमपॅडचा पूर्वज म्हणावा तो हाच. पाहा, अवजार जन्माला आलं ते कोपर दुखलं म्हणून! माउसचा जन्म त्यानंतर लगेच, 1964 च्या सुमाराला झाला. डग्लस एंगलबर्ट यांची कल्पना, आणि विल्यम इंग्लिश यांनी बनवलेली लाकडाची पेटी, खाली दोन चाकं. मघाच्या 1978 च्या प्रयोगातले इंग्लिश ते हेच. एंगलबर्ट यांच्या मनात खेळ मुळीच नव्हता. माणसाने संगणकापुढे बसून विचाराचं काम करावं यासाठी ते साधन होतं.

गेमपॅडला आजचं रूप हळूहळू आलं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी 1982 साली एका हातातल्या खेळण्यावर अधिक चिन्हासारखं चार दिशांचं बटण बसवलं. अंगठा न उचलता चारी दिशा हाताशी आल्या. 1996 साली त्याच कंपनीच्या निन्टेन्डो 64 या यंत्राबरोबर अंगठ्याने कलवायची दांडी घरोघर पोचली, आणि 1997 साली सोनी कंपनीने एकाच गेमपॅडवर दोन दांड्या दिल्या. एकीने चालायचं, दुसरीने पाहायचं. त्याच 1997 साली अमेरिकेत 'क्वेक' या खेळाची मोठी स्पर्धा झाली. ती डेनिस फाँग या तरुणाने जिंकली आणि बक्षीस म्हणून लाल फेरारी मोटार मिळवली. डावा हात कळफलकाच्या चार अक्षरांवर आणि उजवा हात माउसवर, ही त्याची बैठक पाहून जगभरच्या मुलांनी तीच उचलली.

आता एक मौजेची आणि विचार करण्यासारखी गोष्ट. नेमबाजीत दांडी मागे पडते हे खेळ तयार करणाऱ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी काय केलं? 2001 साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रावर 'हेलो' हा खेळ आला. त्यात दांडीने धरलेला नेम शत्रूजवळ आला, की नजरेचा वेग आपोआप मंद होई. म्हणजे कळशी भरत आली, की नळच स्वतःहून बारीक व्हावा, तसं. या मदतीमुळे गेमपॅडवर नेमबाजीचे खेळ सुखाने खेळता येऊ लागले. पण त्यातून नवा वाद निघाला. गेमपॅडवाले आणि माउसवाले एकाच मैदानात उतरले, तर एकाला यंत्राची मदत आणि दुसऱ्याला नाही, हा न्याय कसला? उलट मदत काढून घेतली तर पहिल्यावर अन्याय. 'फोर्टनाइट' या खेळाने 2019 साली यावर तोड काढली, ती अशी की खेळाडूंच्या जोड्या लावताना त्यांच्या हातात कोणतं साधन आहे हे पाहायचं. म्हणजे स्पर्धेत साधन मोजलं पाहिजे, हे खेळ चालवणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. शाळेत स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं.

आता शरीराकडे वळू. खेळाने हात दुखतात हे खरं आहे, आणि दोन्ही अवजारांनी दुखतात. 1990 साली एका अमेरिकन डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकिगत दिली. सलग पाच तास निन्टेन्डो खेळल्याने तिचा अंगठा ठणकू लागला होता. गेमपॅडमध्ये सारा भार अंगठ्यांवर येतो. माउसमध्ये तो मनगटावर येतो, विशेषतः टेबल उंच आणि खुर्ची बुटकी असेल तर. उपाय साधे आहेत. कोपर टेबलाच्या उंचीला यावं, मनगट सरळ राहावं, पाय जमिनीला टेकावेत, आणि अर्ध्या तासाने उठून हात मोकळे करावेत. दुखू लागलं तर त्या दिवशी खेळ बंद. दुखणं दाबून खेळण्यात बहादुरी नाही.

डावखुऱ्या मुलांविषयी मुद्दाम सांगतो. शाळेत माउस नेहमी उजवीकडे ठेवलेला असतो, आणि डावखुरं पोर बिचारं मुकाट्याने उजव्या हाताने झगडत राहतं. माउस डावीकडे ठेवता येतो. संगणकाच्या मांडणीत जाऊन त्याची दोन बटणं उलटसुलट करता येतात, आणि चालण्यासाठी उजव्या बाजूच्या बाणांच्या कळा घेता येतात. दोन मिनिटांचं काम आहे. ते केल्यावर जे पोर मंद वाटत होतं, ते इतरांच्या बरोबरीने खेळताना दिसलं तर नवल नाही.

याहून अडचणीतली मुलं असतात. एखाद्याचा एक हात लुळा असतो, एखाद्याच्या बोटांत जोर नसतो. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2018 साली एक वेगळं साधन काढलं. त्यावर तळहाताने दाबता येतील अशी दोन मोठी बटणं आहेत, आणि मागच्या बाजूला बाहेरची बटणं जोडण्यासाठी 19 खाचा आहेत. ज्याला जे जमेल ते जोडावं. पायाने दाबायचं बटण, कोपराने दाबायचं, डोक्याने टेकायचं. सोनी कंपनीनेही 2023 साली असं साधन बाजारात आणलं. हे साधन प्रत्येक गावात येईल असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार फुकट आहे, आणि तो आजच घेता येतो. मुलाला यंत्राप्रमाणे वाकवू नये, यंत्राला मुलाप्रमाणे वळवावं.

कुणी पालक विचारतील, 'खेळायचंच तर कळफलकावर खेळावं. निदान टंकलेखन तरी येईल.' तसं होत नाही. खेळात डाव्या हाताची मोजकी बोटं चारसहा कळांवर नाचतात. मराठी टंकलेखनाच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. तिथे दहा बोटांना वेगळी सवय लावावी लागते. कळफलकाची भीती मोडते, एवढा लाभ खरा. पण खेळ हा खेळ म्हणून खेळावा, आणि टंकलेखन हे टंकलेखन म्हणून शिकावं.

शिक्षकांना एक लहानसा प्रयोग सुचवतो. शाळेत एखादं गेमपॅड मिळालं, तर वर्गाचे दोन गट करा. एक गट आधी माउसने आणि मग गेमपॅडने खेळेल, दुसरा उलट क्रमाने. नाहीतर सरावाचा फायदा नेहमी दुसऱ्याच साधनाला मिळेल. एक खेळ मोटारीचा घ्या, एक नेमाचा. प्रत्येकाचे दहा दहा डाव मांडा आणि गुण फळ्यावर लिहा. मग मुलांनाच विचारा, 'मोटारीत पहिला आलेला नेमात मागे का पडला?' विज्ञानाचा एक चांगला तास होईल, आणि हरलेल्या मुलांनाही आपण हरलो ते कशामुळे, हे कळेल.

तेव्हा कुणी विचारलं, गेमपॅड चांगलं की माउस, तर उलट विचारा, 'काम कोणतं, आणि हात कुणाचा?' कलवायचं, वळवायचं, वेग सांभाळायचा असेल तर दांडी. नेमकी जागा दाखवायची असेल तर माउस. आणि जो हात नेहमीसारखा नाही, त्याला जे सोयीचं पडेल ते. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाला 'तुला जमायचं नाही' असं म्हणू नका.