पोलिओच्या वॉर्डातून परिषदेच्या मंचावर

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या परिषदांमध्ये आता एक सत्र हमखास असतं: पदवीनंतर कोणती शाखा निवडायची? अस्थी-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग, सामुदायिक अशा एकेका शाखेतले जाणकार येतात, आपल्या कामाची ओळख करून देतात आणि शेवटच्या वर्षातली मुलं-मुली मन लावून टिपणं काढतात. हे चांगलंच आहे. पोस्टिंगमध्ये प्रत्येक वॉर्डात थोडेच दिवस मिळतात, आणि पुढच्या सगळ्या वाटा एका छताखाली दाखवणारी दुसरी जागा विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. मात्र या सत्रांमध्ये शाखा बहुधा करिअर म्हणून मांडल्या जातात. वाव किती, परदेशात मागणी किती, कोणतं सर्टिफिकेट हवं, यावर बोलणं होतं. ती शाखा मुळात का उभी राहिली, हे राहून जातं. गेल्या शंभरेक वर्षांचा मागोवा घेतला तर दिसतं की फिजिओथेरपीच्या बहुतेक मोठ्या शाखा अशा रुग्णांसाठी उभ्या राहिल्या, ज्यांना देण्यासारखं त्या काळच्या वैद्यकाकडे फारसं काही नव्हतं. म्हणून शाखा निवडताना विद्यार्थ्यांनी आधी हे विचारावं की आज कोणता रुग्ण उपचाराविना राहतो आहे, आणि परिषदांनीही आपला कार्यक्रम त्याच प्रश्नाभोवती रचावा, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात पोलिओपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओच्या साथींनी अमेरिका आणि युरोपातल्या हजारो मुलांचे हातपाय लुळे केले. औषध नव्हतं, लस यायला 1955 उजाडायचं होतं. बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लव्हेट यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी 1912 मध्ये स्नायूंची ताकद हाताने तपासून तिची प्रतवारी लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायू जराही हलत नाही, नुसता थरथरतो, गुरुत्वाकर्षणाचा भार नसेल तेव्हाच सांधा हलवतो, त्या भाराविरुद्ध उचलतो, की हाताने दिलेला विरोधही पेलतो, हे एकेका स्नायूचं तपासून नोंदवायचं. आज पहिल्या-दुसऱ्या वर्षातला प्रत्येक विद्यार्थी शून्य ते पाचची जी श्रेणी पाठ करतो, तिचं मूळ या मुलांच्या खाटांशी आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी यांनी लुळे पाय महिनोन्‌महिने पट्ट्यांत जखडून ठेवण्याच्या प्रघाताला विरोध केला. गरम ओल्या कापडांचा शेक आणि हालचाल यांचा आग्रह धरला. 1940 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि काही वर्षांत तिथली उपचाराची रीत बदलली. आपल्याकडेही पाया पोलिओनेच घातला. मुंबईतल्या साथीच्या पार्श्वभूमीवर 1952-53 च्या सुमारास परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. 1955 मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजी अलीची पुनर्वसन संस्थाही उभी राहिली.

दुसरा धागा कुष्ठरोगाचा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या, आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून तो निकामी स्नायूच्या कामाला लावायचा, अशी ही पद्धत. सर्जनचं काम काही तासांत संपतं. फिजिओथेरपिस्टचं आधीपासून सुरू असतं आणि नंतर कित्येक आठवडे चालतं. आधी तेल लावून, ताणून, स्प्लिंट बांधून बोटांचे सांधे मोकळे करायचे, कारण आखडलेल्या सांध्यावर केलेली शस्त्रक्रिया वाया जाते. साधारण तीन आठवड्यांनी प्लास्टर निघाल्यावर खरी कसोटी लागते. जो स्नायू आजवर एक काम करत होता त्याला आता दुसरंच काम शिकवायचं असतं. रुग्णाला जुनी हालचाल करायला सांगून त्यातून नवी हालचाल घडवायची असते. आणि हे सगळं अशा हातावर, ज्याला चटका बसलेला कळत नाही. म्हणून रोज हात पाण्यात भिजवणं, तेल लावणं, फोड आलाय का ते डोळ्यांनी तपासणं, गरम भांडं कापडाने धरणं, हेही शिकवावं लागतं. बाबा आमटे यांनी आनंदवन उभारलं त्या काळात हा रोग घरातून हाकलून देण्याचं कारण होता. अशा माणसाचा हात पुन्हा कामाला लावण्यातून हाताच्या पुनर्वसनाचं जे शास्त्र वाढलं, त्याचा उपयोग आज यंत्रात सापडलेल्या कामगाराच्या हातालाही होतो.

तिसरा धागा मणक्याच्या दुखापतींचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेला सैनिक म्हणजे थोड्या महिन्यांचा सोबती, असंच धरलं जाई. अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला संपवत असे. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी वेगळा विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक तासांनी कुशीवर वळवायचं, बसवायचं, हातांची ताकद वाढवायची आणि खेळात उतरवायचं, असा त्यांचा क्रम होता. 1948 मध्ये तिथे भरलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिकची चळवळ वाढली. या वाटेवर एक मराठी नाव ठळक आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकून पॅरालिम्पिकमधले पहिले भारतीय सुवर्णविजेते ठरले. पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून अशाच जवानांसाठी काम करत आलं आहे.

शाखांना औपचारिक मान्यता मिळाली ती या कामाच्या बऱ्याच नंतर. अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 1970 च्या दशकात विशेषज्ञांना प्रमाणपत्र देण्याची कल्पना स्वीकारली आणि 1985 मध्ये पहिले तीन विशेषज्ञ हृदय-श्वसन शाखेचे झाले. अतिदक्षता विभाग आणि हृदय शस्त्रक्रिया वाढत होत्या आणि श्वास मोकळा करणाऱ्या, रुग्णाला खाटेवरून उठवणाऱ्या हातांची निकड होती. पुढे बालरोग, मज्जासंस्था, क्रीडा, अस्थी-स्नायू, वृद्ध, स्त्री-आरोग्य अशा शाखा जोडल्या गेल्या. कर्करोगाच्या शाखेची पहिली परीक्षा 2019 मध्ये झाली. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणारी सूज किंवा केमोथेरपीनंतरचा थकवा घेऊन जगणाऱ्या माणसांची संख्या वाढली, तशी ती शाखा आली. महाराष्ट्रात 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, पदव्युत्तर शाखांना एकसारखा अभ्यासक्रम मिळाला, नंतर या व्यवसायाचं नियमन करणारी राज्य परिषद आली आणि 2021 मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा केंद्राचा कायदा झाला. प्रत्येक टप्प्यावर गरज पुढे होती आणि मान्यता मागून आली.

आता गरजा बदलल्या आहेत. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला; ज्या रोगाने आपल्याकडे या व्यवसायाचा पाया घातला तो देशातून गेला. पण 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं देशात 10 कोटींहून अधिक होती आणि हा आकडा वाढतोच आहे. पक्षाघातातून वाचलेला माणूस घरी येतो आणि पहिले तीन महिने, म्हणजे सुधारणेचा सर्वांत मोलाचा काळ, खाटेवर घालवतो. पडून खुबा मोडलेल्या आजींना शस्त्रक्रियेनंतर चालवायला कोणी नसतं. बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या बाया ते कुणाला सांगत नाहीत, कारण यावर व्यायामाचा इलाज आहे हेच ठाऊक नसतं. अर्नॉल्ड केगल यांनी हे व्यायाम 1948 मध्येच मांडले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या 7 वरून 21 वर नेली, पण सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आठवड्यातून तीनदा शहरात नेणं मजुरी करणाऱ्या आईला परवडत नाही. उपचाराविना राहिलेले आजचे रुग्ण हेच आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की खरी मोठी गरज पाठ, मान आणि गुडघ्याचीच आहे, मग विद्यार्थी तिकडे वळले तर बिघडलं कुठे? आक्षेपात तथ्य आहे. जागतिक अंदाजानुसार 2019 मध्ये पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशी सुमारे 241 कोटी माणसं होती आणि त्यातली 171 कोटी अस्थी-स्नायूंच्या विकारांची. ही शाखा मोठी असणं योग्यच आहे. प्रश्न तिच्या आत काय शिकवलं जातं हा आहे. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईची पाठ, ऊसतोडणी कामगाराचा खांदा, कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या मुलाचा गुडघा यांना आधी नीट तपासणी लागते आणि मग धीराने करून घेतलेला व्यायाम. परिषदांमधल्या कार्यशाळांत मात्र टेपिंग, कपिंग, नीडलिंग अशा तंत्रांची चलती असते. तंत्र दोन दिवसांत हाती येतं, पारख येत नाही. गरजेचा निकष लावला तर अस्थी-स्नायूंची शाखा कमी होणार नाही, तिचा कस वाढेल.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. खाजगी महाविद्यालयाची फी भरलेल्या, कर्ज काढलेल्या मुलीला वृद्धांच्या किंवा सामुदायिक शाखेकडे जा असं सांगणं सोपं आहे. तिथे पगार कोण देणार? विद्यार्थ्यांकडून त्यागाची मागणी करून हा प्रश्न सुटणार नाही, आणि तशी मागणी करूही नये. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतली फिजिओथेरपिस्टची पदं मंजूर होणं आणि भरली जाणं हे सरकारचं काम आहे. पण मागणी कुठून येते, हेही मागोव्यातच दिसतं. केईएमचं विद्यालय निघालं तेव्हा या व्यवसायाला देशात बाजार नव्हता. काम दिसलं, परिणाम दिसला आणि मग पदं निर्माण झाली. परिषदेच्या मंचावर अशा शाखांची कामं आकड्यांनिशी मांडली गेली, किती रुग्ण चालते झाले, किती कामावर परतले हे दाखवलं गेलं, तर पदांची मागणी करायला व्यवसायाच्या हाती पुरावा राहील.

तिसरा आक्षेप शाखांवरच आहे. तालुक्याच्या गावी एकच फिजिओथेरपिस्ट असेल तर सकाळी पक्षाघात, दुपारी फ्रोझन शोल्डर आणि संध्याकाळी लहान मूल त्यालाच बघावं लागतं. तिथे विशेषज्ञ काय कामाचा? म्हणूनच पदवीच्या वयात शाखेला चिकटून जाण्याची घाई धोक्याची आहे. आधी सगळं शरीर, सगळी वयं, सगळे वॉर्ड; एका विषयात खोल जाणं त्यानंतर. पण शाखांची ओळख करून देणं आणि लवकर बांधून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वसनाचं कोणाला विचारायचं, सूज आलेला हात कुठे पाठवायचा, मुलाच्या विकासात काय चुकतंय याची शंका कधी घ्यायची, हे ठाऊक असलेला फिजिओथेरपिस्टच तालुक्यात खरा उपयोगी पडतो. कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांत वेगवेगळ्या शाखांचे फिजिओथेरपिस्ट श्वसनाच्या कामाला उभे राहिले. ज्यांचा पाया रुंद होता, त्यांनाच हे जमण्यासारखं होतं.

तेव्हा परिषदा भरवणाऱ्या विद्यार्थी समित्यांना आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या परिषदेत प्रत्येक शाखेच्या वक्त्याला तीन गोष्टी सांगायला लावा: ही शाखा कोणत्या रुग्णांसाठी उभी राहिली, आज त्यातले कोण उपचाराविना आहेत, आणि पदवी घेऊन बाहेर पडणारा साधा फिजिओथेरपिस्ट त्यांच्यासाठी काय करू शकतो. जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्यांना मंचावर बोलवा आणि त्यांना नामवंतांइतकाच वेळ द्या. रुग्णांनाही बोलवा. वाव आणि पगाराचं सत्र ठेवाच, पण त्यानंतर. ज्या व्यवसायाने पोलिओच्या मुलांना आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना आपलं मानून सुरुवात केली, त्याच्या नव्या पिढीला शाखा निवडण्याचा याहून चांगला निकष देता येणार नाही.